आंब्यांवर ठेवलेलं रीळ

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून भलती अपेक्षा ठेवणार नाही. चिखल्याच्या मँगनीज खाणीत माझी सगळी नोकरी गेली, पण खाणीच्या पोटात नव्हे, वर, टाइम ऑफिसात, हजेरीच्या खिडकीमागे. खाली उतरलो तो एकूण चारदा, आणि चारही वेळा कुणी ना कुणी साहेब बरोबर होता म्हणून. ब्लास्टिंगचा भोंगा वाजला की बाकीचे लोक आरामात चहा पीत बसायचे, मी कानात बोटं घालायचो. सगळे हसायचे. हसोत बापडे. माझे कान अजून शाबूत आहेत.

पण गेल्या मे महिन्यात ज्या भीतीनं माझी बोबडी वळली तिला भोंगा नव्हता. ती एका गोल पत्र्याच्या डब्यात बसून माझ्याच घरात आली होती, आणि मीच तिला आणलं होतं.

डबा पोळपाटाएवढा, जरा मोठाच, चपटा आणि चांगला जड. आत सिनेमाचं रीळ. तो आजोबांचा. आजोबांकडून वडिलांकडे आला, वडिलांकडून माझ्याकडे, आणि तिघांपैकी कुणालाच त्याचं काय करायचं ते कळलं नाही. निवृत्त होऊन कॉलनीतलं क्वार्टर सोडलं तेव्हा इतर सामानाबरोबर तोही सिहोऱ्याकडच्या आमच्या गावातल्या घरी आला आणि माळ्यावर जाऊन बसला.

आजोबा तरुणपणी एका तंबू सिनेमावाल्याबरोबर फिरायचे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथे दंडारीचा नाचगाण्याचा खेळ असतो, नाटक असतं, तसा तेव्हा हा तंबूही लागायचा. सिनेमा मुका. पडद्यावरची माणसं तोंड हलवायची आणि आवाज नाही. अधूनमधून पाटी यायची, पण पाटी वाचता येणारं गावात कोण होतं? म्हणून पडद्याच्या बाजूला आजोबा काठी घेऊन उभे राहायचे आणि गोष्ट सांगायचे. वडील त्यांची नक्कल करून दाखवत: "आता पाहा, हा बाप्या घरी आला. याच्या डोस्क्यात संशय शिरून राहिला. आता पाहा, बाईले कसा पाहून राहिला!"

तंबूवाल्याकडे एकच सामाजिक चित्रपट होता आणि तो पाच रिळांचा होता. शहरातलं एक जोडपं. नवरा कोट घालणारा, कुठल्यातरी कचेरीतला. बायको पेटी वाजवून गायची. आता मुक्या सिनेमात गाणं कुठून ऐकू येणार, म्हणून आजोबाच बायकी आवाजात गायचे आणि लोक खूश व्हायचे. शेजारच्या माडीवरचा कुणीतरी ते गाणं ऐकतो, एवढ्यावरून नवऱ्याचं डोकं फिरतं. तो पेटी फोडतो. बायको माहेरी निघून जाते. चौथ्या रिळात तिचा बाप तिला परत आणून सोडतो. हा बापाचा भाग लहानपणी ऐकताना मी कधी मनावर घेतला नव्हता. मला पेटी फोडण्याचा भाग आवडायचा.

पाचवं रीळ कुणीच पाहिलं नाही. त्याच्या कडेची भोकं फाटलेली होती, ते मशीनवर चढतच नसे. चौथं संपलं की तंबूवाला पांढऱ्या पडद्यावर नुसताच उजेड टाकायचा आणि आजोबा त्या उजेडात उभे राहून शेवट सांगायचे. गाव बघून शेवट. दिघोरीला बाई नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवायची. सिहोऱ्याला नवरा नवी पेटी घेऊन यायचा. चिखल्याला खाणकामगारांनी चौथ्या रिळातच पडद्यावर चपला फेकल्या, म्हणून तिथे आजोबांनी नवऱ्याला सरळ तुरुंगात घातलं. खरा शेवट काय होता हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढे बोलपट आले, तंबूवाला चार रिळं घेऊन निघून गेला, आणि न चालणारं पाचवं रीळ आजोबांना देऊन गेला. आठवण म्हणून म्हणे.

त्या मे महिन्यापर्यंत मी डब्याचं झाकण एकदाच काढलं होतं, तेही गेल्या फाल्गुनात. जुने चित्रपट शोधून जपणाऱ्या एका संस्थेची बातमी पेपरात आली होती, खाली नंबर होता. निवृत्त माणसाला वेळ भरपूर. मी झाकण उघडलं, झाकणावरच्या पुसट नावाचे आणि रिळाचे दोन-तीन फोटो काढले, पाठवले आणि विसरलो. वास आला होता. पावसाळ्यात दिवसभर घातलेल्या ओल्या मोज्यांसारखा. मला वाटलं उंदीर मेला असेल.

आता घरातल्या अबोल्याचं सांगायला हवं. ते मी इतका वेळ टाळत होतो.

आम्हाला एकच मुलगी. भंडाऱ्याला दिली. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा, त्याआधीच्या पोळ्याला, ती माहेरी आली, एक मोठी बॅग घेऊन, आणि सण होऊन आठवडा गेला तरी परत जायचं नाव काढेना. मग ती आईजवळ बोलली आणि आई माझ्याजवळ. जावई कामावर जाताना खोलीची कडी बाहेरून लावून जातो. सकाळी नऊला लावतो, संध्याकाळी सातला काढतो. तिचा फोन स्वतःबरोबर नेतो. जमाना खराब आहे म्हणतो.

मी विचारलं, "मारते का?"

"मारत नाई," बायको म्हणाली.

"मारत तर नाई ना मंग," मी म्हणालो. आणि वर असंही म्हणालो की आत मोरी आहे, पंखा आहे, सोय तर सगळी आहे.

मला कशाची भीती वाटत होती? खरं सांगायचं तर सगळ्याचीच. गावात काय बोलतील याची, जावयाच्या मोठ्या आवाजाची, लग्न जुळवून देणाऱ्या त्याच्या काकाची, कोर्टाच्या पायऱ्यांची. मुलगी घरी बसली तर पुढे काय, याची. या सगळ्या भीत्यांपुढे तिची भीती मला लहान दिसली. आठव्या दिवशी मीच तिला बसनं भंडाऱ्याला नेऊन सोडलं. तुमसरपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती, तुमसरनंतर डोळे मिटून बसली. जावयानं मला चहा पाजला. मी तो प्यायलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हापासून बायको माझ्याशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, रडणं नाही. सगळं वेळच्या वेळी होत होतं, फक्त माझ्याशी शब्द नाही. काही सांगायचंच असलं तर ती म्हशीला सांगायची. गोठ्याकडे तोंड करून, मला ऐकू येईल अशा बेतानं: "सांग वं त्यायले, भात थंडा होऊन राहिला." पहिल्या आठवड्यात मला हसू आलं होतं. दुसऱ्या महिन्यात म्हैस माझ्याकडे बघायची तेव्हा मी नजर चुकवायला लागलो.

दिवाळीला बायको एकटीच भंडाऱ्याला गेली, मुलीला घेऊन यायला. एकटीच परत आली. त्या दिवशी म्हशीला वैरण टाकताना ती बराच वेळ बोलत होती. "पोरगी म्हणते, ज्यायनं आणून सोडलं त्यायनंच न्यायले यावं. नाई तं मी येत नाई." मी ओसरीवर बसून होतो. हे ऐकलं आणि पेपर पुढे धरला.

मुलगी तशीच आहे, आईवर गेलेली. आणि मी जायला हवं होतं. दर रविवारी जावयाच्या फोनवरून तिचा फोन यायचा, तो शेजारी बसलेला असायचा. "बरं आहे बाबा. तब्येत सांभाळा." आधी पाच मिनिटं, मग तीन, मग मिनिटभर. उन्हाळा लागला तेव्हा ती फक्त "बरं आहे" म्हणायला लागली. दर सोमवारी मी ठरवायचो की या शनिवारी जायचंच. शनिवारी काहीतरी निघायचंच. मला अडचणी शोधाव्या लागत नव्हत्या, त्या माझा पत्ता विचारत यायच्या.

तर मे महिना. दुपारचे बारा-साडेबारा. बाहेर बघवत नव्हतं इतकं ऊन. ओसरीवर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलो होतो आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. आणि रविवारही नव्हता.

त्या संस्थेतली मुलगी होती. आवाज एकदम आनंदानं फुललेला. म्हणाली, "काका, तुम्ही पाठवलेले फोटो मी आज पाहिले. माफ करा, खूप उशीर झाला. काका, हा चित्रपट गेला असंच सगळे धरून चालले होते. याचा एक तुकडासुद्धा कुठेच नाही."

मला बरं वाटलं. आजोबांचं काहीतरी नाव होईल असं वाटलं. मग तिनं विचारलं, "डबा उघडल्यावर वास येतो का?"

"येतो."

"कडेला तपकिरी भुकटी आहे?"

"थोडी आहे."

तिचा आवाज बदलला. "काका, आता नीट ऐका. त्या काळातली फिल्म ज्या मालाची बनवायचे तो माल आणि स्फोटकांतला माल जवळजवळ सख्खे भाऊ आहेत. ती सडायला लागली की तिला आग लावायची गरज नसते. नुसती उष्णता पुरते. तुमच्याकडे उन्हाळा कसा असतो?"

समोर अंगणात कावळा चोच वासून बसला होता. मी म्हणालो, "असतो थोडाफार."

"आणि पेटली तर पाणी टाकू नका, काका. पाण्यानं विझत नाही. माती टाकली तरी आतल्या आत जळते. लोकांनी लांब व्हायचं, बस. डबा घराबाहेर, सावलीत, गार जागी ठेवा. झाकण घट्ट लावू नका. मी परवा माणूस पाठवते. आत्ता कुठे आहे तो?"

"माळ्यावर," मी म्हणालो, फोन ठेवला आणि स्टूल घेऊन आत गेलो. माळ्यावर हात फिरवला. जुनी घमेली, मोडका पंखा, ट्रंक. डबा नव्हता.

सगळं घर पालथं घातलं. घरात आम्ही दोघंच, म्हणजे तिनंच हलवला असणार, आणि तिला विचारायचं तर नऊ महिन्यांचा अबोला. तुम्हाला हे खोटं वाटेल, पण घर पेटायची भीती असतानाही माझ्या घशातून आवाज निघेना. मी चुलीजवळ पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. आणि मग मला तो वास आला, ओल्या मोज्यांचा, पण त्यात दुसराही एक वास मिसळलेला होता. पिकत्या आंब्यांचा.

आमच्याकडे आंब्याचा माच घालतात. तणसाचा, म्हणजे धानाच्या गवताचा जाड थर, त्यावर कच्चे आंबे, पुन्हा तणस, पुन्हा आंबे, वरून बारदाना, आणि बारदान्यावर काहीतरी जड, सपाट. खोली बंद. आत ऊब धरते, त्या उबेनंच आंबे पिकतात. मागल्या खोलीत, टिनाच्या छपराखाली बायको दरवर्षी माच घालते आणि वर पाटा ठेवते. यंदा पाटा नव्हता, छिन्नीनं टाकी लावायला दिलेला होता. बारदाना काढायला ती माळ्यावर चढली तेव्हा तिला माझा डबा सापडला. जड, गोल, सपाट. याहून चांगलं काय असणार? हे काय आहे असं तिनं मला विचारलं असतं, पण विचारणार कशी, आणि मीही तिला कधी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस तो डबा तणसाच्या ढिगावर, आंब्यांच्या उबेत, तापलेल्या टिनाखाली बसला होता. घर पेटवायचा असा उपाय शहाण्या माणसाला मुद्दाम शोधूनही सापडला नसता.

त्या खोलीला खिडकी नाही आणि बल्बही नाही. बायको आंबे चाळायला मेणबत्ती घेऊन जाते.

मी मागल्या दारात पोचलो तेव्हा ती दाराशीच उभी होती. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात मेणबत्ती. पेटलेली. दार अर्धं उघडलं होतं. ओरडायला हवं होतं. थांब, एवढं एक तरी. तोंड उघडलं आणि आवाज नाही. पुढे झालो आणि तिच्या हातातली मेणबत्ती मुठीत धरून विझवली. मेण तळहातावर ओघळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वेड लागलं असंच तिला वाटलं असणार. तिला ढकलल्यासारखं बाजूला केलं, आत गेलो आणि डबा उचलला.

डबा कोमट होता. नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या भांड्याची ऊब झाकणाला लागते तसा. तो छातीशी धरून मी चालत सुटलो. पळायची सोय नव्हती, डबा हलला तर काय होईल ते ठाऊक नव्हतं. पावलागणिक वाटत होतं, आता. घराच्या मागे आमची बोडी आहे, शेताला पाणी द्यायची लहानशी तळी. मे महिन्यात तिच्यात गुडघाभर पाणी उरतं. काठावर मोहाचं झाड. त्याच्या सावलीत डबा ठेवला आणि दहा पावलं मागे सरकून खाली बसलो. दातावर दात वाजत होते, त्या उन्हात.

ती मागून आली. लांब उभी राहिली.

डबा पेटला नाही. पाव तास झाला, अर्धा तास झाला. मग माझ्यात कुठून काय शिरलं कोण जाणे. कदाचित एवढं भिऊन झाल्यावर भीती जरा दमते. परवा माणूस येईल, तोवर हे राहील की नाही? आणि आजोबांना जे कधी कळलं नाही ते इथे होतं, दहा पावलांवर. मी जवळ गेलो, झाकण काढलं आणि रिळाचं टोक धरून ओढलं.

बाहेरचे वेढे सुटे होते. आकाशाकडे धरलं की नखाएवढी चित्रं दिसायची. पहिल्यांदा ती बाई, खाटेवर बसलेली. पुढच्या चित्रातही तशीच, त्याच्या पुढच्यातही. माणूस थोडासा हलायला किती चित्रं लागतात हे मला माहीत नव्हतं. हातभर ओढलं तेव्हा तिनं मान वर केली. आणखी दोन हात ओढलं, तो कोटवाला दारात. मी ओढत गेलो, गवतावर फिल्मचा ढीग होत गेला. तो बाहेर पडतो. दार लोटतो. मग नुसतं दार. मग त्याचा हात.

बायको केव्हा शेजारी येऊन बसली कळलं नाही. तिनं फिल्मची दुसरी बाजू धरली आणि सूर्याकडे करून डोळे बारीक केले. आम्ही दोघं मिळून ती पट्टी सरकवत होतो, वाळत घालायचं लुगडं दोन टोकांना धरावं तशी. नवरा रस्त्यानं चालला. खिडकीच्या गजांत बाईचा चेहरा. मग पाटी, तिच्यावरची अक्षरं उडालेली. मग बरंच लांब तोच चेहरा, तेच गज. नवरा परत येतो. दारासमोर उभा राहतो. त्याचा हात वर येतो.

मग हात कडीवर. मग कडी निघालेली. दार चारेक बोटं उघडलं, आत काळं. आणि पुढे फिल्म सुटेना. आतले वेढे एकमेकांत वितळून तपकिरी गूळ झाला होता. नखानं खरवडलं तर भुकटी निघाली. दार उघडल्यावर त्याला आत काय दिसलं हे त्या गुळात होतं आणि तिथून ते कुणालाच काढता येणार नव्हतं.

ती बाई निघून गेली असेल. नाहीतर आत असेल. असेल तर कशी असेल? मी त्या चार बोटांच्या फटीकडे बघत होतो आणि माझ्या अंगावर काटा आला, डब्याच्या भीतीपेक्षा वेगळा, खोल. मला भंडाऱ्याची ती खोली दिसत होती. मे महिना तिथेही होता.

बायकोनं कडीच्या चित्रावर नख टेकवलं.

"बाहेरून आहे," ती म्हणाली.

नऊ महिन्यांनी ती माझ्याशी बोलली ते एवढंच. म्हशीला नाही, मला. आणि माझा आवाज, जो मेणबत्तीच्या वेळी निघाला नव्हता, तो निघाला. "चाल," मी म्हणालो. "पोरीले आणू."

ती उठून घरात गेली. मी तोंडावर पाणी मारलं. एकची बस निघून गेली होती, मागून काळीपिवळी जीप मिळाली. सबंध रस्ता मला भीती वाटत होती. जावई घरी असला तर काय बोलायचं ते मी मनात घोकत होतो आणि घोकलेलं विसरत होतो. तुमसरला बस धरली तेव्हा बायकोनं विचारलं, "म्या सांगतलं होतं ना तुमाले, तवाच? कडीचं?"

"होतं," मी म्हणालो. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं, आणि तिनं काहीतरी बोलावं असं मला वाटत राहिलं.

खोली वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण तांदूळ निवडत बसली होती. "जावई ड्युटीवर गेले जी," ती म्हणाली, "पोरगी झोपली असन." मी जिना चढलो. दाराला बाहेरून कडी होती. मला वाटलं होतं कुलूप असेल, फोडावं लागेल, लोक जमतील. कुलूप नव्हतं. नुसती कडी. कुणालाही काढता आली असती, कधीही. घरमालकिणीला, दूधवाल्याला, दिवाळीला तिच्या आईला. मला, पोळ्यापासून, कोणत्याही शनिवारी.

मी कडीवर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला. आतून काही आवाज नव्हता. पंख्याचासुद्धा नाही. मला त्या फिल्ममधली फट दिसत होती. माझ्यानं कडी निघेना, हे मी लपवत नाही. बायको मागे उभी होती, तिनं हात पुढे केला नाही. मग मी काढली.

लाइट गेलेली होती. अंधारात, भिंतीला टेकून मुलगी जमिनीवर बसली होती, केस घामानं कपाळाला चिकटलेले. शेजारी ती मोठी बॅग, पोळ्याला आणलेली, चेन लावलेली. नऊ महिने तिनं ती रिकामी केली नव्हती, हे मला नंतर कळलं. लागतील ते कपडे ती वरच्या खणातून काढायची आणि धुऊन परत त्यातच ठेवायची.

तिनं मला पाहिलं. माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, बस किती वाजताची आहे?"

मला घड्याळ दिसेना. डोळे भरून आले होते. "आहे," एवढंच म्हणालो, आणि बॅग उचलली.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि बोडीवर शेजारचा शेतकरी उभा होता. मोहाच्या बुंध्याची एक बाजू काळी पडलेली, खाली गवतात मोठं काळं वर्तुळ, डब्याचा पत्रा वाकडा. मी फिल्म गवतावर तशीच सोडून गेलो होतो. सावली सरकली, ऊन आलं. तो म्हणाला, "काय जी, बारूद ठेवली होती का? मी पाणी टाकलं तं आखीन भडकली. काठीनं बोडीत ढकललं, तं पाण्यातही जळूनच राहिली!" मी त्याला म्हणालो, जुना कचरा होता. जाताना सावलीचं ध्यानात आलं नव्हतं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे रस्त्यावर पोचल्यावर एकदा आलं होतं. तेव्हा समोर काळीपिवळी उभी होती.

त्या संस्थेतल्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती रडली बहुतेक. फोनवर कळत नाही. मग म्हणाली, "काका, निदान तुम्ही पाहिलं ते तरी सांगा. मी लिहून घेते. शेवट काय होता?" ओसरीवर मुलगी आईबरोबर माचातले आंबे निवडत होती, पिकलेले एका टोपलीत, डागी दुसऱ्या. तिचा हात थांबला. आजोबा असते तर त्यांनी समोरचं माणूस बघून शेवट दिला असता. मी म्हणालो, "त्यानं कडी काढली आणि दार चार बोटं उघडलं. पुढचं जळलं. मला माहीत नाही." फोनवरच्या मुलीनं तेवढंच लिहून घेतलं.

जावयाचे फोन येतात. मोठा आवाज आहेच. मी उचलतो आणि "नाही" म्हणतो, आणि तो पुढे काय करील या भीतीनं पुढचा तासभर मला काही सुचत नाही. बायको आता माझ्याशी बोलते, कामापुरतं. म्हशीशी जास्त बोलते, पण ते पहिल्यापासून तसंच होतं.

मुलगी दुपारी मागल्या खोलीत झोपते. माच उठला, आता तिथे खाट टाकली आहे आणि बल्बही लावला आहे. आत गेली की ती आतून कडी लावते. तो आवाज मला ओसरीवर ऐकू येतो. आत काय चाललं असेल, ती बोलत का नाही, इतका वेळ का. उठून दार वाजवावंसं वाटतं. मी वाजवत नाही. पेपर पुढे धरून बसतो, एक ओळ वाचत नाही, आणि कडी आतून निघते तोवर तिथून हलत नाही.